तनुजाची वांगी आणि रस्त्याची पलीकडची बाजू

आमची सून तनुजा वैजापूरची. तिच्या वडिलांचं तिथल्या आठवडी बाजारात भाजीचं पाल असायचं. सोयरीक जुळली तेव्हा आमच्या मालकांनी गावाला सांगितलं, व्याही व्यापारी आहेत. ते काही खोटं नव्हतं. पालात बसून का होईना, व्यापारच तो. पण लग्नात कुणी विचारलं, कशाचा व्यापार, की मालक पाणी प्यायला उठून जायचे.

आमची जमीन पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागून. चार एकर. सासऱ्यांपासून तिथं कपाशी आणि मका, मका आणि कपाशी. माझा मुलगा इंद्रजीत चिकलठाण्याला कंपनीत जातो. शहराच्या ह्या टोकाहून त्या टोकाला. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. त्यामुळं शेतात मालक, दोन गडी, आणि लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच तनुजा. तिला घरात करमत नाही. नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट साडीवर चढवायची आणि निघायची. मी म्हणायचे, "अगं, लोक काय म्हणतील?" ती म्हणायची, "लोकांना म्हणा, ऊन लागतं." बोलणं तिचं तेवढंच. माझं मात्र तोंड बंद होत नाही, म्हणून आमचं जमतं.

मागच्या उन्हाळ्यात एक हॉटेलवाला आला. पांढरी गाडी, गळ्यात जाड साखळी. त्याला रस्त्याकडचं एकर पाहिजे होतं, हॉटेल टाकायला. वर्षाच्या करारानं. जेवण, दारू, लाइटिंग, सगळं करणार म्हणाला. मालकांना दारू पसंत नव्हती, पण घरबसल्या येणारी रक्कम कुणाला कडू लागते? म्हणाले, "संक्रांतीला सांगतो."

त्याची गाडी गेली आणि तनुजा चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "मामा, ते एकर संक्रांतीपर्यंत मला द्या."

"काय करती?"

"भाजी लावते. अन् तिथंच रस्त्याला मांडून इकते."

मालकांनी बशी खाली ठेवली. "आपल्या घराण्यात रस्त्यावर कुणी बसलं नाय."

"मी बसते ना. तुम्हाला कुठं बसा म्हणते?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. शेवटी ठरलं ते असं. संक्रांतीपर्यंत भाजीवर घर चाललं, तर एकर तनुजाचं. नाही चाललं, तर हॉटेलवाल्याचं, आणि तसा शब्द मालकांनी त्यालाही कळवला. आणि पाटीवर घराण्याचं नाव टाकायचं नाही. इंद्रजीतनं मग नुसतं 'ताजी भाजी' एवढंच रंगवलं.

पाऊस झाल्यावर तिनं वांगी लावली, काटेरी, हिरव्या देठाची. कडेनं गवार, दोडक्याचे वेल, मधल्या वाफ्यांत मेथी आणि शेपू. दसऱ्याच्या सुमाराला चार बांबूंवर हिरवी जाळी टाकली, घरातली जुनी बाज बसायला नेली, ओलं बारदान अंथरलं, आणि दुकान झालं. तिची एक एक तऱ्हा असते. मेथी धुवायची नाही. मुळाला माती तशीच ठेवायची. मी म्हणाले, "शहरातली माणसं माती बघून नाक मुरडतील." ती म्हणाली, "धुतली की दुपारपर्यंत मरते, आत्या. माती हाय म्हणून जिवंत हाय." आणि रोज सकाळी एक वांगं उभं चिरून समोर ठेवायची. आत बी धरलेलं नाही, कीड नाही, हे गिऱ्हाइकानं डोळ्यानं बघावं म्हणून. ही तिच्या बापाची रीत. बाप पालात बसायचा, पण वांगं चिरून दाखवायचा, असं ती जरा मान वर करून सांगते.

मी पण बसायला जायला लागले. माझा काही उपयोग नव्हता, खरं सांगायचं तर तोटाच होता. आमच्यात शेतात काही नवं आलं की त्यातलं थोडं शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्याला पाठवतात. त्याला वानोळा म्हणतात. त्याचे पैसे घ्यायचे नसतात. आता माझा सगळा जन्म वानोळा वाटण्यात गेलेला. कुणी समोर येऊन "काकू, बरं हाय का?" म्हणालं की माझा हात आपोआप मेथीच्या जुडीकडं जायचा. दोन-चार दिवसांत गावातले सगळे माझी तब्येत विचारायला येऊ लागले. ज्यांनी मी आजारी असताना तोंड दाखवलं नव्हतं, ते पण.

तनुजानं चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी माझी बाज तराजूपासून लांब सरकवली. "आत्या, वानोळा घरून द्यायचा. इथून नाय."

मला राग आला, पण बाज सावलीत होती.

असं असूनही दुकान चालेना. वानोळ्याचं एक वेळ सोडा, विकत घेणारंच कुणी थांबेना. म्हणजे थांबायचे, पण घ्यायचे नाहीत. सकाळपासून गाड्यांची रीघ. कुणी किल्ला बघायला, कुणी वेरूळला, कुणी खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला. उतरायचे, वांगं दाबून बघायचे, चिरलेलं वांगं बघून खूश व्हायचे, पोरं बाजेवर चढायची, आणि जाताना म्हणायचे, "छान आहे हो. येताना घेतो."

येताना कुणी आलं नाही. संध्याकाळी मेथी माना टाकायची आणि म्हशीपुढं जायची. त्या महिन्यात आमच्या म्हशीनं माणसांपेक्षा चांगली भाजी खाल्ली.

"शहरातली माणसं लई खोटारडी," मी म्हणाले.

"एवढी सगळी कशी खोटी असतील?" तनुजा म्हणाली. पण तिचा आवाज लहान झाला होता. घरी मालक काही बोलायचे नाहीत. फक्त जेवताना विचारायचे, "म्हशीचं पोट भरलं का?" आणि सकाळी पडेगावला जाताना दुकानापुढून जायचं नको म्हणून मागच्या बांधावरून अर्धा कोस वळसा घालायचे. सत्तरीतला माणूस, गुडघे दुखतात, पण वळसा.

दिवाळी होऊन गेली होती. एका संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडं एक गाडी थांबली. एक बाई उतरली आणि हात करून गाड्या थांबवत पळतच आमच्याकडं आली. मध्ये एक ट्रक तिच्या पदराला लागून गेला म्हणावा इतका जवळून गेला. बाई धापा टाकत म्हणाली, "सकाळी कबूल केलं होतं म्हणून आले. दोन किलो वांगी द्या. आणि ताई, रागवू नका, पण तुम्ही त्या बाजूला का बसत नाही? घरी परतताना आम्ही सगळे तिकडूनच जातो. एवढ्या गाड्यांतून भाजीसाठी कोण ओलांडणार?"

बाईंना सुट्टी म्हणून दुकानावर आलेल्या इंद्रजीतनं हाताला धरून पलीकडं पोचवलं. तनुजा वांग्याची टोपली मांडीवर घेऊन तशीच बसली.

"आत्या," ती म्हणाली, "माणसं खोटी नव्हती. आपण चुकलो. फिरायला निघालेला माणूस मेथीची जुडी घेऊन किल्ला चढंल का? भाजी घराकडं येणाऱ्याला लागती. अन् आपण मांडून बसलो जाणाऱ्याच्या बाजूला."

"आपली जमीन ह्या बाजूला हाय. मग बसायचं कुठं?"

तिनं टोपली खाली ठेवली. पलीकडं बघत राहिली. पलीकडं नूरमोहम्मदची पेरूची बाग होती.

आता हे सांगितलं पाहिजे. नूरमोहम्मद आणि आमचे मालक लहानपणी एका विहिरीत पोहलेले. पण रस्ता रुंद झाला तेव्हा मोजणी झाली आणि आमच्या बाजूची जमीन जास्त गेली, त्यांच्या बाजूची कमी. मालकांचं म्हणणं, नूरमोहम्मदनं मोजणीवाल्याला पेरू खाऊ घातले म्हणून रस्ता इकडं वाकला. मोजणीवाला आमच्या घरी तीन दिवस जेवत होता, एकदा तर पुरणपोळी, हे मालक धरत नाहीत. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं बोलणं बंद, आमचा वानोळा तिकडं बंद, त्यांचे पेरू इकडं बंद. लग्नकार्यात समोर आले तरी दोघं दोन खांबांकडं बघायचे.

दुसऱ्या दिवशी मी टोपली भरली. वांगी, गवार, दोन जुड्या मेथी. मालक ओट्यावर होते. "कुठं?"

"वानोळा द्यायला."

"कुणाला?"

"माणसांना," मी म्हणाले आणि निघाले. लग्नाला पन्नास वर्षं झाली की एवढं तर बोलता येतं.

नूरमोहम्मदची बायको शकीलाबी अंगणात मिरच्या निवडत होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं. "भाबी? इतक्या वर्षांनी वाट सापडली?"

"रस्ता लई रुंद करून ठेवलाय बाई," मी म्हणाले. "ओलांडायला नऊ वर्षं लागली."

ती हसली आणि हसता हसताच तिनं डोळ्याला पदर लावला. मग आम्ही दोघींनी गुडघ्यांचं, सुनांचं, डॉक्टरांचं सगळं बोलून घेतलं. दुकानाचं अक्षर काढलं नाही. वानोळा घेऊन गेल्यावर काम सांगायचं नसतं, मग तो वानोळा राहत नाही. आणि भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे तिलाही ठाऊक. दोन दिवसांनी माझी टोपली पेरूंनी भरून आली. वर मिठाची आणि तिखटाची पुडी सुद्धा.

तेव्हा तनुजा म्हणाली, "आता मी जाते." एकटीच गेली. मी मागून जाऊन बागेच्या कुंपणाशी थांबले, ऐकायला यावं म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

नूरभाई बाजेवर बसले होते. तिनं सरळ सांगितलं. रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली आठ हात जागा पाहिजे, भाडं काय ते सांगा.

नूरभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "भाडं नको, बेटी. जागा देतो. पण तुझ्या सासऱ्याला एवढं सांग, मोजणीवाल्याला मी पेरू दिले नव्हते. त्यानं स्वतःच्या हातानं तोडून खाल्ले."

"ते मी नाय सांगणार, चाचा."

"का?"

"ते भांडण तुमचं दोघांचं. जुनं हाय. मी हात लावला तर दोघंबी माझ्यावर येताल. मला नुसती सावली पायजे."

आतून शकीलाबी मोठ्यानं म्हणाली, "सुन लो! तुमच्यापेक्षा शहाणी हाय."

नूरभाई हसले. ते आजवर पेरूची बाग ठेकेदाराला झाडावरच देत आले होते. ठेकेदार कच्चे पेरू उतरवायचा आणि मोठे मोठे सगळे न्यायचा. तनुजा म्हणाली, निम्मे पेरू झाडावर पिकू द्या, भाजीशेजारी ठेवू, विकून देते. म्हणून शकीलाबी पण दुकानावर बसायची ठरली. घरात कंटाळली होती. ती म्हणाली, "भाबी, तू पण ये. नुसतं बसायचं. वाटायचं नाय." म्हणजे वानोळ्याची कीर्ती रस्ता ओलांडून आधीच गेली होती.

मालकांना कळलं तेव्हा ते तीन दिवस वांग्याची भाजी जेवले नाहीत. चौथ्या दिवशी जेवले, कारण मी दुसरी भाजी केलीच नव्हती.

"त्याच्या दारात जाऊन बसलात," एवढं म्हणाले.

"दारात नाय, कडुलिंबाखाली," तनुजा म्हणाली आणि आणखी एक भाकरी वाढली.

आणि काय सांगावं. बांबू तेच, बारदान तेच, चिरलेलं वांगं तसंच. पण दुपार कलली की परतणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या. सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार, घरी गेल्यावर करायचं काय. पोरं पेरू खायची, बाया वांगी निवडायच्या, नवरे घड्याळ बघायचे. काही जण तर सकाळी जातानाच गाडीतून हात करून सांगायचे, "दोन जुड्या ठेवा हो." अंधार पडायच्या आत बारदान रिकामं. घरी म्हैस रुसली.

पण संक्रांत जवळ आली होती आणि मालक काही बोलत नव्हते. घरात तेल, साखर, आमच्याकडं शिकायला राहिलेल्या लेकीच्या पोरीची, विशाखाची, शाळेची फी, सगळं भाजीवर चाललं होतं. ते त्यांना दिसत होतं. तनुजा विचारत नव्हती. मी विचारलं तर म्हणायचे, "शब्द दिलाय, संक्रांतीला बघू." शब्द कुणाला दिलाय, सुनेला का हॉटेलवाल्याला, ते सांगायचे नाहीत. तनुजा त्या दिवसांत रोज संध्याकाळी त्या एकराच्या कडेला नुसती जाऊन उभी राहायची. वांग्याची झाडं कंबरेएवढी झाली होती.

मग एक दिवस मालक पडेगावला दाढी करायला गेले आणि अर्धीच दाढी करून आल्यासारखे तावातावानं घरी आले.

"वांगी कुणाची?"

मी म्हणाले, "कुठली?"

"आपल्या एकरातली. कुणाची?"

"आपली."

"मग तिथं खुर्चीत बसलेला माणूस न्हाव्याला सांगतोय, नूरमोहम्मदच्या बागेतली वांगी खा, तसली वांगी जिल्ह्यात नाय! न्हावी पण म्हणतो, व्हय, नूरभाईची वांगी. माझ्यापुढं!"

तनुजा चुलीपुढून म्हणाली, "मामा, दुकान त्यांच्या जागेत हाय. पाटीवर नाव नाय. लोकांना काय कळणार?"

नाव कुणी टाकू दिलं नव्हतं, ते ती बोलली नाही. गरजच नव्हती. मालक बराच वेळ ओट्यावर फेऱ्या मारत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लग्नातला फेटा काढला. धुतलेलं धोतर नेसले. मागच्या बांधाचा वळसा न घेता सरळ समोरून निघाले आणि रस्ता ओलांडून दुकानापुढं उभे राहिले. दुकानात आले नाहीत. ती नूरभाईची हद्द. डांबराच्या कडेला, हद्दीच्या बाहेर वीतभर अंतर ठेवून, भर उन्हात. गाडी थांबली की पुढं व्हायचे आणि काठीनं पलीकडं दाखवायचे. "ते एकर दिसतं का? ही वांगी तिथली. माझ्या जमिनीतली. पेरू ह्यांचे. वांगी आमची."

गिऱ्हाइकं म्हणायची, "बरं काका." एका पोरीनं तर त्यांचा फेट्यासकट फोटो काढला.

असे ते रोज यायला लागले. नूरभाई आत बाजेवर, मालक बाहेर डांबरावर, मध्ये आम्ही तिघी. मालक म्हणायचे, "त्यांना सांगा, पेरूची पेटी वांग्यांवर ठेवू नका, देठं मोडतात." नूरभाई म्हणायचे, "उनको बोलो, पेटी सकाळपासून खालीच हाय." सहा हातांचं अंतर, दोघांनाही चांगलं ऐकू येतं, तरी निरोप आमच्यातूनच. शकीलाबी एकदा म्हणाली, "भाबी, आपल्याला पोस्टात नोकरी लागली."

संक्रांतीच्या दुपारी पांढरी गाडी आली. हॉटेलवाला उतरला, मालकांना फेट्यात बघून जरा दचकला, मग नमस्कार केला.

"मालक, ठरल्याप्रमाणं आलो. अन् आता तर सोपंच झालं. तुमचं दुकान इकडं आलं, म्हणजे पलीकडची जागा मोकळीच."

तनुजाच्या हातात वांगी होती, ती तशीच राहिली. हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. दुकान वाचवायला इकडं आणलं आणि त्यानंच एकर मोकळं दिसायला लागलं. ती मालकांकडं बघत होती. मी पण. मालक पलीकडं बघत होते.

"मोकळी कुठली?" मालक म्हणाले. "अहो, ही वांगी काय नूरभाईच्या पेरूला लागतात का?"

हॉटेलवाला म्हणाला, "पण तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. भाजीवर घर नाय चाललं तर, असा. चाललं की." मग म्हणाले, "तुम्हाला वांगी किती देऊ? हॉटेलला लागत असतील."

हॉटेलवाल्यानं दोन किलो घेतली. शकीलाबीनं त्याला तीळगूळ दिला आणि वर एक पेरू. गाडी शहराकडं गेली.

आतून नूरभाई कुणाच्या मार्फत नाही, सरळ मालकांना म्हणाले, "नानासाहेब, ऊन लागतंय. सावलीत या."

मालक हललेच नाहीत. मग फेटा सारखा करण्याचं निमित्त करून एक पाऊल आत आले. एकच. पण सावलीत.

तनुजानं तराजू शकीलाबीकडं दिला, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि रस्ता ओलांडून एकरात गेली. कडेची रिकामी पट्टी उन्हाळी भेंडीसाठी तिनं मनात धरून ठेवली होती, पण संक्रांत होईपर्यंत तिला हात लावला नव्हता. खुंट्या ठोकून, दोरी ताणून ती वाफे आखायला लागली. मालक इकडून हातवारे करून ओरडले, "उताराला आडवे घे, आडवे!"

तिनं मान डोलावली, ऐकल्यासारखं केलं आणि आपल्या मनासारखे आखले.